वस्तूची साक्ष

पांझरा नदीच्या एका तीरावर धुळे शहराची जुनी वस्ती आहे आणि दुसऱ्या तीरावर देवपूर. आज पुलांनी हे दोन्ही तीर जोडलेले असून देवपूर हा धुळे शहराचाच एक भाग बनला आहे. याच धुळ्यात 31 डिसेंबर 1926 रोजी इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी देह ठेवला. त्यांनी जन्मभर जमवलेली दप्तरे व हस्तलिखिते सुरक्षित राहावीत आणि त्यांचे कार्य पुढे चालावे, म्हणून लगेच 1927 च्या जानेवारीत येथे राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना झाली.

राजवाडे गावोगाव हिंडत. जुन्या वाड्यांतील माळ्यांवर पडलेली, वाळवीने पोखरलेली रुमाले ते सोडवून पाहत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड त्यांनी 1898 मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे तिचे बावीस खंड निघाले. पहिल्याच खंडाच्या प्रस्तावनेत त्यांनी एक कठोर कसोटी लावली. बखर ही बहुधा घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी, ऐकीव गोष्टींवरून लिहिलेली असते. पत्र मात्र घटना घडत असतानाच लिहिले जाते. म्हणून बखर एक सांगत असेल आणि अस्सल पत्र दुसरे सांगत असेल, तर पत्राचे ऐकावे.

हा नियम केवळ कागदाला लागू आहे असे नव्हे. लोखंडाच्या एखाद्या जुन्या वस्तूलाही तो तितकाच लागू पडतो. तो कसा, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू.

समजा, देवपुरातील एका जुन्या घराची दुरुस्ती चालू आहे. माळ्यावरची शिसवी पेटी खाली उतरवली जाते आणि तिच्यात, जुन्या कापडात गुंडाळलेले एक जड पिस्तूल सापडते. त्याच्या मध्यभागी फिरणारे चक्र आहे, म्हणजे ते रिव्हॉल्व्हर आहे. घरातील आजी ते पाहताच म्हणतात, “हे तर थाळनेरच्या लढाईतले! माझ्या आजेसासऱ्यांनी मला सांगितले होते. त्यांच्या वडिलांनी हे हातात घेऊन किल्ला लढवला होता.”

तापीकाठच्या थाळनेरची लढाई ही खानदेशाच्या इतिहासातील एक दुःखद घटना आहे. 1818 च्या फेब्रुवारीत सर टॉमस हिस्लॉप याच्या इंग्रजी फौजेने हा किल्ला घेतला. किल्ल्यातील शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदार तुळशीराम मामा यांना फाशी देण्यात आले. आपला पूर्वज त्या लढाईत होता असे ज्या घराला वाटते, त्या घराला त्या गोष्टीचा अभिमान वाटणारच. पण अभिमान हा पुरावा नव्हे. आजींची हकीकत ही येथे बखरीच्या जागी आहे. अस्सल पत्राच्या जागी आहे ते पिस्तूल. त्याला काही प्रश्न विचारले, तर ते आपले वय स्वतःच सांगेल.

मात्र त्याआधी एक सावधगिरी अवश्य घेतली पाहिजे. जुने हत्यार रिकामेच असेल असे कधीही गृहीत धरू नये. कोरडी राहिलेली दारू दीडशे वर्षांनंतरही पेट घेऊ शकते. म्हणून मुलांनी अशा वस्तूला हात लावू नये, चाप ओढून पाहू नये आणि नळीत डोकावू नये. मोठ्या माणसांना बोलवावे. त्यांनीही जाणकाराकडून ते रिकामे असल्याची खात्री होईपर्यंत ते आहे तेथेच राहू द्यावे.

पहिला प्रश्न असा, की या हत्यारात दारूला आग कशी लागते?

सर्वांत जुन्या बंदुकांत सुताच्या जळत्या वातीने आग लागे. त्या वातीस तोडा म्हणत, म्हणून ती तोड्याची बंदूक. पावसात तोडा विझे आणि अंधारात त्याचा लाल ठिपका शत्रूला दिसे. पुढे गारेची बंदूक आली. तिच्या घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा धरलेला असे. चाप ओढला की गार पोलादावर आपटून ठिणग्या उडत, त्या वाटीतल्या रंजकावर पडत आणि तेथून आग एका छिद्रावाटे नळीतल्या दारूपर्यंत पोहोचे. यात एक क्षण जाई आणि ओल असेल तर बारच उडत नसे.

स्कॉटलंडमध्ये अलेक्झांडर फोर्साइथ नावाचे एक धर्मोपदेशक होते. त्यांना पक्ष्यांच्या शिकारीचा छंद होता. रंजकाचा भडका दिसताच पक्षी उडून जात आणि नेम चुके. तेव्हा त्यांनी ठोका बसताच पेटणाऱ्या रासायनिक भुकटीचा उपयोग केला आणि 1807 मध्ये त्या युक्तीचे पेटंट मिळवले. पुढे ही भुकटी तांब्याच्या इवल्याशा टोपीत भरण्याची सोय निघाली. ही टोपी बंदुकीच्या मागील बाजूस असलेल्या एका पोकळ बोंडीवर बसवत. घोडा टोपीवर आपटला की भुकटी पेटे आणि बोंडीतून ज्वाला थेट दारूपर्यंत जाई. दिवाळीत मुले खेळण्यातल्या पिस्तुलात टिकल्या फोडतात, त्यांचेही तत्त्व हेच आहे. 1840 च्या सुमारास इंग्रजी फौजेत गारेची जागा टोपी घेऊ लागली.

आता पेटीतल्या पिस्तुलाकडे पाहावे. त्याच्या घोड्याला गार धरणारा जबडा नाही. घोड्याचे तोंड सपाट आहे आणि चक्राच्या मागच्या बाजूस प्रत्येक कोठ्यामागे एकेक बोंडी आहे. म्हणजे हे टोपीचे हत्यार होय.

दुसरा प्रश्न चक्राचा. एकाच नळीमागे अनेक कोठे फिरते ठेवण्याची कल्पना तशी जुनी आहे. इलायशा कोलियर या अमेरिकन कारागिराने 1818 च्या अखेरीस लंडनमध्ये अशाच एका हत्याराचे पेटंट घेतले होते; पण ते गारेचे होते. टोपीचे रिव्हॉल्व्हर खऱ्या अर्थाने प्रचारात आणले ते सॅम्युएल कोल्ट या दुसऱ्या अमेरिकन माणसाने. त्याला 1835 मध्ये इंग्लंडात आणि 1836 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. त्याच्या योजनेत अंगठ्याने घोडा मागे ओढला की चक्र आपोआप एक घर पुढे सरके आणि नवा भरलेला कोठा बरोबर नळीसमोर येऊन घट्ट बसे. कोठे पुढच्या बाजूने भरत. आधी दारू, तिच्यावर शिशाची गोळी, मग ठासणी; आणि शेवटी मागच्या बोंडीवर टोपी.

येथेच थाळनेरच्या हकीकतीचा निकाल लागतो. लढाई 1818 च्या फेब्रुवारीतील आणि अशी रिव्हॉल्व्हरे त्यानंतर जवळजवळ अठरा वर्षांनी बनू लागली. जी वस्तू अजून जन्मलीच नव्हती, ती त्या किल्ल्यात कोणाच्या हाती असणार? पिस्तुलाने पहिली साक्ष दिली. ती आजींच्या हकीकतीच्या विरुद्ध आहे.

परंतु “थाळनेरचे नाही” एवढ्याने शोध पुरा होत नाही. मग ते केव्हाचे? त्यासाठी घडण अधिक बारकाईने पाहिली पाहिजे.

लंडनमध्ये 1851 साली भरलेल्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी समोरासमोर आले. एक कोल्ट आणि दुसरा लंडनचा रॉबर्ट ॲडम्स. कोल्टच्या त्या काळच्या रिव्हॉल्व्हरात चक्राच्या वरची बाजू उघडी असे. नळी वेगळी करून ती एका पोलादी पाचरीने खालच्या सांगाड्याला जोडलेली असे. त्याच्या नौदल नमुन्यात कोठे सहा असत, म्हणून ते सहाबारी. ॲडम्सने नळी व सांगाडा पोलादाच्या एकाच तुकड्यातून घडवले. त्यामुळे त्याच्या हत्यारात चक्राच्या वरून एक भक्कम पट्टी जाते. कोठे पाच असतात. त्याच्या 1851 च्या नमुन्यात घोड्याला अंगठ्यासाठी शेपटीसारखा उंचवटा नसे, कारण केवळ चाप ओढल्याने घोडा उठे आणि पडे. पुढे 1856 मध्ये फ्रेडरिक बोमाँट या लष्करी अधिकाऱ्याने त्यात सुधारणा केली. तेव्हापासून घोडा अंगठ्यानेही मागे घेता येऊ लागला किंवा नुसता चाप ओढूनही बार उडवता येऊ लागला. ही सुधारणा झाल्यावर घोड्यावर तो उंचवटा आला.

पेटीतल्या पिस्तुलात चक्रावर पट्टी आहे, कोठे पाच आहेत आणि घोड्यावर उंचवटाही आहे. म्हणजे ते ॲडम्सच्या घडणीचे असून बोमाँटच्या सुधारणेनंतरचे आहे. एक महत्त्वाचा नियम येथे ध्यानात येतो. वस्तूत अनेक जुन्या गोष्टी असू शकतात. पण तिच्यातील सर्वांत नवी गोष्ट जेव्हा निघाली, त्याच्या आधीची ती वस्तू असू शकत नाही. घोड्यावरचा तो लहानसा उंचवटा सांगतो, की हे पिस्तूल 1856 च्या आधीचे नाही.

याच नियमाचे एक मनोरंजक उदाहरण कोल्टच्या नौदल नमुन्यात सापडते. त्याच्या चक्रावर जहाजांच्या लढाईचे बारीक चित्र उमटवलेले असते. ती लढाई टेक्सास व मेक्सिको यांच्या आरमारांत 16 मे 1843 रोजी झाली. लढाईच्या आधी तिचे चित्र कोण काढणार? तेव्हा ते हत्यार 1843 च्या पूर्वीचे नव्हे, हे निराळे सांगावे लागत नाही. वस्तुतः ते 1850 च्या सुमारास बनू लागले. त्याच्या नळीवर कोल्टचा लंडनचा पत्ता कोरलेला असेल, तर काळ आणखी आखडतो. कारण कोल्टचा लंडनमधील कारखाना 1853 पासून सुमारे चारच वर्षे चालला.

तिसरा प्रश्न खुणांचा. त्या काळी इंग्लंडात बंदूक विकण्यापूर्वी तिची परीक्षा होई. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार उडवत आणि नळी फुटली नाही, तर तिच्यावर शिक्का मारत. लंडनमधील बंदूककारांच्या संघाला 1637 मध्ये सनद मिळाली होती. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह 1813 मध्ये निघाले. लंडनच्या शिक्क्यात मुकुटाखाली रोमन अक्षरे असतात, तर बर्मिंगहॅमच्या शिक्क्यात एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन राजदंड. बेल्जियममधील लिएज शहरात कोल्ट व ॲडम्स यांच्या हत्यारांच्या पुष्कळ नकला होत. तेथील शिक्का लंबगोल असून त्यात ई, एल, जी या अर्थाची रोमन अक्षरे असतात. त्या लंबगोलावर मुकुट असेल, तर तो शिक्का 1893 किंवा त्यानंतरचा समजावा.

शिक्क्याप्रमाणेच आकडेही बोलतात. पण ते फसवतातही. समजा, सांगाड्यावर ‘1857’ असा आकडा दिसला. तो पाहून कोणी आनंदाने ओरडेल, “सत्तावन सालचे पिस्तूल!” परंतु तो आकडा सालाचा नसून कारखान्यातून निघालेल्या नगाचा क्रमांकही असू शकतो. तसेच पेटंटचे साल म्हणजे त्या युक्तीचा हक्क मिळाल्याचे साल. ते हत्यार त्यानंतर कितीतरी वर्षांनी बनलेले असू शकते. म्हणून आकडा कशाचा आहे, हे आधी ठरवावे. कोल्टच्या हत्यारात नळी, सांगाडा, चक्र इत्यादी भागांवर एकच क्रमांक टाकलेला असे. तो सर्वत्र जुळला, तर हत्यार मूळ स्थितीत आहे. न जुळल्यास एखादा भाग मागाहून बदललेला असावा, असा संशय घेतला पाहिजे.

नकलेचाही विचार सोडता येत नाही. हौशी लोकांसाठी इटलीत 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून कोल्टच्या जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या हुबेहूब प्रतिकृती बनू लागल्या. त्या आता स्वतःच जुन्या दिसू लागल्या आहेत. त्यांवर इटलीच्या परीक्षागृहाचे शिक्के असतात. ते कोणी घासून काढले असतील, तर घासल्याची जागाच चुगली करते. अक्षरांतील चुका, ओबडधोबड नक्षी, नवीन पद्धतीचे मळसूत्र यांवरूनही जाणकारांना नक्कल ओळखता येते.

आता सगळ्या साक्षी एकत्र करू. पेटीतल्या पिस्तुलावर लंडनचा शिक्का स्पष्ट आहे, नगाचा क्रमांक आहे, घडण ॲडम्सची आहे आणि सुधारणा बोमाँटची आहे. म्हणजे खालची मर्यादा 1856. वरची मर्यादा कोणती? अमेरिकेत 1857 पासून धातूच्या काडतुसाचे रिव्हॉल्व्हर विक्रीस आले. इंग्रजी फौजेनेही 1868 मध्ये ॲडम्सच्या जुन्या रिव्हॉल्व्हरांत काडतुसाची सोय करून घेतली. गोळी, दारू व टोपी एकाच काडतुसात मिळू लागल्यावर वेगवेगळी ठासणी करण्याचा खटाटोप कोण करणार? त्यामुळे 1870 नंतर टोपीच्या रिव्हॉल्व्हरांची मागणी झपाट्याने ओसरली. तेव्हा हे पिस्तूल बहुधा 1856 ते 1870 या काळात बनले असावे.

एवढे ठरताच घरातील एखाद्या मुलाच्या मनात नवी कल्पना येईल. 1858 च्या एप्रिलमध्ये सातपुड्यातील आंबापाणी येथे खाज्या नाईक आणि त्यांचे साथीदार इंग्रजी फौजेशी लढले. मग हे पिस्तूल त्या लढाईतले का नसावे? वर्षे तर जुळतात!

वर्षे जुळतात, हे खरे. पण जुळणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. त्या काळात बनलेली अशी हत्यारे हजारो होती. कोणी अधिकाऱ्याने ती वापरली, कोणी लिलावात विकत घेतली, कोणाला ती बक्षीस मिळाली. हे पिस्तूल आंबापाण्याला होते असे म्हणायचे, तर त्यावर मालकाचे नाव कोरलेले हवे किंवा घरात एखादे पत्र, पावती, परवाना वा यादी सापडली पाहिजे. तोपर्यंत “असू शकेल” या शब्दांपुढे जाता येत नाही. थाळनेरची हकीकत मोडून तिच्या जागी आंबापाण्याची हकीकत बसवणे म्हणजे एक बखर टाकून दुसरी बखर लिहिणे होय.

मग आजींचे काय? त्यांनी असत्य सांगितले असे म्हणायचे काय? मुळीच नाही. त्यांनी जे ऐकले, तेच सांगितले. तीन पिढ्यांच्या तोंडून येताना दोन खऱ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या असण्याचा संभव आहे. पूर्वज कदाचित खरोखरच थाळनेरला असतील. पिस्तूल मात्र दुसऱ्या कोणी, पुढे केव्हातरी घरात आणले असेल. पिस्तुलाची साक्ष पिस्तुलापुरतीच असते. पूर्वजांविषयी ती होय म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. म्हणून आजींची हकीकत फेकून न देता त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावी. ती कोणी सांगितली, कोणाकडून ऐकली आणि कोणत्या दिवशी लिहून घेतली, हेही नोंदवावे. उद्या एखाद्या दप्तरात थाळनेरच्या शिबंदीची यादी मिळाली, तर तीच हकीकत उपयोगी पडेल.

अशा वस्तूची काळजी घेण्याचे काही नियम आहेत. तिला कानसीने किंवा वाळूच्या कागदाने घासून चकचकीत करू नये. गंजाबरोबर शिक्के व क्रमांकही जातात आणि एकदा पुसलेले अक्षर पुन्हा उमटत नाही. ती कोणत्या पेटीत, कोणत्या कागदांबरोबर सापडली, ते लिहून ठेवावे, कारण सापडण्याची जागा हाही पुरावाच असतो. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक वा पिस्तूल बाळगण्यास परवाना लागतो. जे हत्यार दुरुस्त करूनही झाडता येत नाही, अशा जुन्या हत्याराला त्यातून सूट आहे. पण ते तसे आहे की नाही, हे घरच्या माणसांनी ठरवायचे नसते. म्हणून मोठ्यांनी त्याची माहिती पोलिसांना द्यावी आणि संग्रहालयातील तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना संरक्षण दिलेले आहे.

खानदेशातील घराघरांत पिस्तुले नसतात. पण तांब्याचा एखादा हंडा, जुने घड्याळ, सही केलेले पुस्तक, नाव घातलेली परात किंवा पिवळे पडलेले छायाचित्र बहुतेक घरांत असते. ही वस्तू केव्हाची, असे कोणी विचारले, तर उत्तरादाखल एक गोष्ट सांगितली जाते. ती गोष्ट आदराने ऐकावी. मग ती वस्तू उजेडात न्यावी, तिच्यावरची अक्षरे वाचावीत, तिची घडण न्याहाळावी आणि जे निश्चित कळले तेवढेच सांगावे. राजवाड्यांनी जुन्या कागदांच्या बाबतीत हेच केले.

स्वाध्याय

1. राजवाडे यांनी बखर आणि पत्र यांत कोणता भेद केला? तो पिस्तुलाच्या उदाहरणाला कसा लागू पडतो?
2. तोड्याची बंदूक, गारेची बंदूक आणि टोपीची बंदूक यांतील फरक आपल्या शब्दांत लिहा.
3. पेटीतले पिस्तूल थाळनेरच्या लढाईतले नाही, हे कशावरून सिद्ध होते?
4. “जुळणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे.” या विधानाचा अर्थ दुसरे एखादे उदाहरण देऊन स्पष्ट करा.
5. सांगाड्यावरील ‘1857’ हा आकडा कोणकोणत्या गोष्टी दर्शवू शकेल?
6. आपल्या घरातील एखादी जुनी वस्तू निवडा. तिच्याविषयी मोठी माणसे काय सांगतात आणि ती वस्तू स्वतः काय सांगते, हे दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहा.